तोच डोंगर, परत एकदा

पावसाळा सुरू झाला की आमच्या ऑफिसात दर सोमवारी फोटोंचा पूर येतो. कुणी देवकुंडला जाऊन आलेलं असतं, कुणी कोकणकड्यावर, कुणी आंबोलीला. फोटो झकास असतात, खोटं कशाला बोलू! पण पुढच्या पावसाळ्यात त्याच ठिकाणी जाऊया म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं, "ते झालंय आमचं." आता एखादं ठिकाण 'होतं' कसं, हे कोडं मला काही सुटलेलं नाही. मॉड्यूल होतं, रिलीज होतं. डोंगर कसा होईल?

माझं मत साधं आहे. दहा ठिकाणी एकेकदा जाऊन काढलेल्या फोटोंपेक्षा एकाच भागात दहा वर्षं जाऊन काढलेले फोटो जास्त मोलाचे. पहिल्या प्रकारात आपण कुठे गेलो होतो ते कळतं. दुसऱ्या प्रकारात तो भाग कसा आहे ते कळतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपली कारवीच घ्या. सह्याद्रीतलं हे झुडूप साधारण सात वर्षांतून एकदा फुलतं, आणि एकदा फुलून बी धरलं की मरतं. म्हणजे 'कारवी फुललेला डोंगर' हा एक फोटो काढला तर तो त्या झुडपाच्या आयुष्यातला शेवटचा अंक झाला. आधीची सहा वर्षं कुठे गेली? कास पठाराचं तेच. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात कास आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे सीतेची आसवं आणि तेरडा फुलतो आणि गाड्यांची रांग लागते. पण एप्रिलमध्ये त्याच जागी उभं राहून फोटो काढा. करपलेलं गवत, उघडा जांभा आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. हा रटाळ फोटो त्या रंगीत फोटोशेजारी ठेवला की मग खरं कळतं, की हा सगळा डोलारा कसल्या नाजूक पायावर उभा आहे आणि फुलात बसून पोज देणाऱ्याच्या बुटाखाली नक्की काय जातंय.

प्राण्यांच्या बाबतीत तर चिकाटीला पर्यायच नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली जाहीर झाला. तिथे वाघाचा फोटो मिळाला २०१८ च्या मे महिन्यात, आणि तोही झाडाला बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपला. जागा न सोडता वाट बघत बसायचं, एवढं एकच काम ते यंत्र करतं. आपल्याला नेमकं तेच जमत नाही.

"अरे पण एवढा वेळ कुणाला आहे? नोकरी आहे, हप्ते आहेत..." हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्यावर मी एका कारकुनाची गोष्ट सांगतो. ती आपल्याकडची नाही, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावरची आहे.

ओलेगास त्रुखानास हा मूळचा लिथुआनियाचा. महायुद्धानंतर निर्वासित म्हणून तो टास्मानियात आला आणि तिथल्या जलविद्युत आयोगात कारकून झाला. सुट्टी मिळाली की पाठीवर बोचकं टाकून बेटाच्या नैर्ऋत्य भागात जायचं आणि फोटो काढायचे, हा त्याचा शिरस्ता. १९५८ साली तो एकट्याने कयाकमधून गॉर्डन नदी उतरून समुद्रापर्यंत गेला. आणि १९६७ च्या फेब्रुवारीत होबार्टजवळ वणवा पेटला, त्यात त्याचं घर जळालं. घराबरोबर वर्षानुवर्षांचे फोटोही गेले. आपल्याकडे बॅकअप नसला तर आठवडाभर हळहळ करून आपण नवीन छंद शोधू. हा माणूस परत त्याच डोंगरांत गेला आणि पहिल्यापासून फोटो काढायला लागला!

घाई करायला कारण होतं. त्याच भागातलं लेक पेडर हे गुलाबी वाळूच्या किनाऱ्याचं तळं धरणाच्या पाण्यात बुडणार होतं, आणि धरण बांधत होता तो स्वतः नोकरी करायचा तोच आयोग. त्याने होबार्टच्या टाउन हॉलमध्ये लोकांना त्या तळ्याच्या स्लाइड दाखवल्या, हॉल तुडुंब भरले. तळं मात्र वाचलं नाही, १९७२ साली बुडालं. त्याच वर्षी जानेवारीत फोटो काढायला गेलेला त्रुखानास गॉर्डन नदीत बुडून गेला. त्याचा मृतदेह सापडला त्याच्याच शिष्याला, पीटर डोम्ब्रोव्स्किसला.

या शिष्याने तोच प्रदेश पुढे चालू ठेवला. त्याने काढलेला फ्रँकलिन नदीवरच्या रॉक आयलंड बेंडचा फोटो १९८३ च्या निवडणुकीआधी वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात म्हणून छापला गेला, कारण ती नदीही येऊ घातलेल्या धरणाच्या पाण्यात बुडणार होती. सरकार बदललं, प्रकरण तिथल्या हायकोर्टात गेलं आणि १ जुलै १९८३ ला चार विरुद्ध तीन मतांनी धरण थांबलं. एका फोटोने नदी वाचवली असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धवट वाटतं. माणसं रस्त्यावर उतरली, तुरुंगात गेली. आणि त्या एका फोटोच्या मागे दोन माणसांच्या मिळून कितीतरी वर्षांच्या फेऱ्या होत्या.

पण या फोटोंत मला एक गोष्ट खटकते. त्यांत माणूस नाही. जणू तिथे कधी कुणी नव्हतंच! प्रत्यक्षात फ्रँकलिनच्या खोऱ्यात कुटिकिना नावाची गुहा आहे, तिथे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती असे पुरावे मिळाले आणि ते धरणाविरुद्धच्या वादातही महत्त्वाचे ठरले. म्हणजे ज्याला 'निर्मनुष्य रान' म्हणून मिरवलं, ते कुणाचं तरी घर होतं.

आपणही हेच करतो. फ्रेममध्ये पत्र्याचं छप्पर आलं की दोन पावलं सरकतो, हंडा घेऊन जाणारी बाई आली की ती जायची वाट बघतो. कारवीच्या फुलांचे हजार फोटो मिळतील. त्याच कारवीच्या काठ्यांचे कुड विणून, शेणामातीने लिंपून उभ्या केलेल्या घरांचे किती मिळतील? ती घरं तर भराभर जाताहेत, तिथे विटा येताहेत. येऊ देत, पक्कं घर कुणाला नको? पण नोंद तरी राहू दे. आणि धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्याचा फोटो काढला तर खाली 'अ फेस फ्रॉम सह्याद्री' असलं काहीतरी लिहू नका. त्यांना नाव आहे. विचारा, त्यांची हरकत नसेल तर लिहा, आणि पुढच्या फेरीत फोटोची प्रत नेऊन द्या. एकदाच जाणाऱ्याला हे शेवटचं जमतच नाही, बघा.

माझ्या एका सहकाऱ्याच्या आजीचं गाव कोयना धरणाच्या शिवसागरात गेलं. आजी अजून ओसरी कुठल्या बाजूला होती, पायवाट कुठून उतरायची ते हात करून दाखवते. फोटो एकही नाही. त्या काळी गावात कॅमेरा नव्हता, इलाज नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तरी पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना धुक्यातला सूर्योदय सोडून काही मिळणार नसेल, तर तो दोष कॅमेऱ्याचा नाही.

तेव्हा फार काही नको. घरापासून दोन-तीन तासांवरचा एक भाग निवडा. एक जागा ठरवा, दर ऋतूत तिथूनच एक फोटो काढा. तारीख, गाव आणि माणसाचं नाव लिहून ठेवा. कंटाळवाणा फोटो डिलीट करू नका, दहा वर्षांनी तोच उपयोगी पडेल. आणि हो, बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. एवढं तरी आपल्याला नोकरीने शिकवलंच आहे!