नुरा, निकाली आणि शेवटचा साखळी सामना

एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळचा पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की महाविद्यालयात दोनच विषय बोलायचे उरतात : परीक्षेचे वेळापत्रक आणि आयपीएलचे गुणतक्ते. आमच्या मराठी विभागात एम. ए.ची मुले निव्वळ धावगतीचे हिशेब ज्या तन्मयतेने मांडतात, तिचा चौथा हिस्सा जरी वृत्तांच्या मात्रा मोजण्यात आला असता तरी आमचे अर्धे दुःख हलके झाले असते. असो. या हिशेबाच्या शेवटी एक प्रश्न मात्र हमखास येतो आणि तो गणिताचा नसतो. आपल्या संघाचे सामने संपलेले आहेत, आपले भवितव्य आता दुसऱ्याच दोन संघांच्या हाती आहे आणि त्यांतल्या एकाला या सामन्यातून काही मिळवायचे उरलेले नाही. तो संघ मनापासून खेळेल की सैल सोडेल?

वरवर पोरकट वाटणारा हा प्रश्न आम्हां दोघांना बरीच वर्षे छळतो आहे. यामागे आमचा एक जुना सल आहे. त्याकडे नंतर येऊ.

आधी एक स्वच्छ उदाहरण घ्यावे. ३ नोव्हेंबर २०२० रोजी शारजाला मुंबई इंडियन्स आणि सनरायझर्स हैदराबाद यांचा सामना झाला. त्या हंगामातला तो शेवटचा साखळी सामना. मुंबईचे अव्वल स्थान आधीच पक्के झालेले होते. हैदराबाद जिंकले तर ते पुढे जाणार होते आणि कोलकात्याचा संघ स्पर्धेबाहेर पडणार होता. मुंबईने जसप्रीत बुमराह आणि ट्रेंट बोल्ट या आपल्या दोन्ही प्रमुख वेगवान गोलंदाजांना विश्रांती दिली. मुंबईच्या १४९ धावा झाल्या आणि हैदराबादने त्या एकही गडी न गमावता पार केल्या. डेव्हिड वॉर्नर नाबाद ८५, वृद्धिमान साहा नाबाद ५८. दोन्ही संघांचे गुण सारखेच, चौदा. धावगतीच्या अंतरावर कोलकाता घरी गेले.

मुंबईने काय चूक केली? दोनच दिवसांनी पात्रता सामन्यात बुमराहने १४ धावांत चार बळी घेतले, १० नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात बोल्ट सामनावीर ठरला आणि करंडक मुंबईकडे आला. राखून ठेवलेली धार नेमकी हवी तेथे वापरली गेली. आपल्या संघाशी इमान राखणाऱ्या कर्णधाराने याहून वेगळे काय करावे, असे कोणी विचारले तर आमच्याजवळ उत्तर नाही. मात्र त्या रात्री कोलकात्याच्या खेळाडूंनी दूरचित्रवाणीसमोर बसून जे पाहिले असेल, त्यालाही सामनाच म्हणायचे काय, याचेही उत्तर आमच्याजवळ नाही.

आता याची उलट बाजू. २१ मे २०२२, वानखेडे मैदान. तोच मुंबईचा संघ, पण त्या वर्षी गुणतक्त्यात तळाला. चौदांपैकी चारच विजय त्याच्या वाट्याला येणार होते. समोर दिल्ली. दिल्ली जिंकली तर ती पुढे जाणार, हरली तर बंगळुरू. मुंबईला काडीचाही लाभ नव्हता. बुमराहला मात्र बसवले गेले नाही. त्याने २५ धावांत तीन बळी घेतले. टिम डेव्हिडने ११ चेंडूंत ३४ धावा तडकावल्या आणि मुंबईने पाच गडी राखून सामना जिंकला. बंगळुरूची मंडळी त्या रात्री मुंबईच्या निळ्या रंगाची भक्त झाली होती.

या दोन प्रसंगांवरून आमचे मत असे बनले आहे की, हंगामाच्या अखेरीस ढिलाई येते ती सर्वस्व गमावल्यामुळे नव्हे. ती येते सर्व काही मिळाल्यामुळे. ज्याचे सगळे गेले आहे त्याला निदान पुढच्या वर्षीची जागा, आपले नाव, एखाद्या निवडकर्त्याची नजर यांसाठी खेळायचे असते. ज्याचे स्थान पक्के झाले आहे त्याला गमावण्यासारखे बरेच असते, आणि म्हणून तो हात आखडता घेतो. विद्यार्थी नेमका उलटा अंदाज बांधतात. बाद झालेला संघ 'आता कशाला खेळतो' असे ते म्हणतात आणि अव्वल संघाच्या अभिमानावर विसंबतात. त्यांनी तसे विसंबू नये, हा आमचा अनुभवाचा सल्ला.

आपल्या भाषेने या प्रकाराची नोंद फार पूर्वी घेतलेली आहे, आणि ती कुस्तीच्या आखाड्यात. दोन मल्लांनी आधीच ठरवून केलेल्या लुटुपुटीच्या झुंजीला 'नुरा' म्हणतात आणि ज्या कुस्तीत एकाची पाठ मातीला लागल्याशिवाय सुटका नाही ती 'निकाली'. फडातला जाणता प्रेक्षक नुरा ओळखतो व हुर्यो उडवतो. मात्र शारजाचा सामना यांपैकी कशातच बसत नाही. तेथे संगनमत नव्हते, कोणी पैसे घेतले नव्हते. जे अकरा उतरले ते प्रामाणिकपणे खेळले. फक्त ते सर्वोत्तम अकरा नव्हते. मराठीत 'राखणे' आणि 'सोडणे' अशी दोन क्रियापदे आहेत. मुंबईने आपले गडी राखले. सामना सोडला असे म्हणता येईल का, याविषयी आम्हां दोघांतही एकमत नाही. आमच्यापैकी एकाच्या मते राखणे हेच सोडण्याचे सभ्य नाव आहे.

महाभारत शिकवताना हा मुद्दा निघतोच. भीष्मांनी सेनापतिपद स्वीकारतानाच दुर्योधनाला सांगून टाकले होते की पांडवांना मी मारणार नाही, बाकीच्या सैन्याचा संहार करीन. कर्णाने अर्जुन वगळता चौघांना न मारण्याचे वचन कुंतीला दिले आणि रणांगणात ते पाळलेही. पण ते दुर्योधनाला ठाऊक नव्हते. दोघांनीही हात राखला. वर्गात मात्र भीष्मांबद्दल मुले एका स्वरात बोलतात आणि कर्णाबद्दल दुसऱ्या. आणि गंमत अशी की, ज्याने आपल्या धन्याला अंधारात ठेवले त्या कर्णाकडेच त्यांचा ओढा अधिक असतो. खेळात असा ओढा आम्हांस परवडत नाही. तेथे आम्ही भीष्मांच्या बाजूचे आहोत : राखायचे असेल तर उघड राखावे, नाणेफेकीच्या वेळी नावे सांगून.

जागतिक पातळीवर याहून ओंगळ प्रकार घडले आहेत. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात खिखोन येथे पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध लवकर एक गोल केला आणि मग उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला. त्या निकालाने अल्जीरिया बाहेर गेला. गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळवण्याची पद्धत आली ती त्यानंतर. १९९९ च्या क्रिकेट विश्वचषकात मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाने १११ धावांचे लक्ष्य गाठायला चाळीस षटकांहून अधिक वेळ घेतला, कारण वेस्ट इंडीजची धावगती शाबूत राहून न्यूझीलंड बाहेर पडणे त्यांच्या सोयीचे होते. ती युक्ती फसली, हे बरे झाले.

आमच्या मनात मात्र घर करून आहे ते पुण्याचे १९४८ चे उदाहरण. डिसेंबर महिना, रणजी सामना, महाराष्ट्राविरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनने १९३० मध्ये सिडनीला केलेला नाबाद ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर आलेला. खेळ थांबला तेव्हा काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडला. येथे ढिलाई करणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला सामना बहाल केला आणि त्याच हाताने त्याच्या तोंडचा घासही काढून घेतला. आमच्या वरच्या सिद्धान्ताला हे उदाहरण छेद देते, हे आम्ही कबूल करतो : काठियावाडने सर्वस्व गमावलेले होते, तरी ते खेळले नाहीत. अपमानाची नोंद आपल्या नावावर होऊ नये, एवढेच त्यांना राखायचे होते. निंबाळकर कधीही कसोटी खेळले नाहीत; २०१२ मध्ये ते गेले. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या म्हणून ते ४४३ आजही उभे आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर त्या न झालेल्या नऊ धावांचीही आठवण निघते.

विदर्भाच्या बाबतीत आम्ही तटस्थ नाही. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने ५३८ धावांचे लक्ष्य ठेवले तेव्हा विदर्भाने आटोपते घेतले असते तरी कोणी बोल लावला नसता. अक्षय वाडकरने शतक ठोकले, हर्ष दुबे त्याच्यासोबत तासन्‌तास उभा राहिला आणि ३६८ पर्यंत झुंज गेली. पुढच्याच हंगामात, मार्च २०२५ मध्ये, जामठ्याला पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने केरळविरुद्ध करंडक जिंकला. आघाडी मिळाल्यावर विदर्भ पाचव्या दिवसापर्यंत फलंदाजी करीत राहिला, डाव घोषित करून केरळला संधी दिली नाही. काही रसिकांना ते रटाळ वाटले. आम्हांस ते निकाली कुस्तीइतकेच चोख वाटले. समोरच्याला दया दाखवणे हाही ढिलाईचाच एक प्रकार असतो.

आता तो सल. काही वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत आम्ही आमच्या चमूबरोबर गेलो होतो. आमचे सामने संपले होते. गटातली पहिल्या क्रमांकाची चमू शेवटचा सामना जिंकली असती तर आम्ही उपांत्य फेरीत होतो. त्यांनी राखीव गडी उतरवले आणि लोण चढत राहिले. आमची घाटंजी-आर्णीकडची पोरे रेषेजवळ मांडी घालून बसली होती. एकही शब्द बोलली नाहीत. सामना संपल्यावर त्यांच्या प्रशिक्षकांना आम्ही जरा तावातच विचारले. ते शांतपणे म्हणाले, "सर, उद्या सकाळी आमची उपांत्य फेरी आहे. पकडीच्या पोराचा गुडघा सुजला आहे. तुम्ही काय केलं असतं?"

दोन वर्षांनी आमची चमू गटात पहिली आली. शेवटचा साखळी सामना उरला होता. आदल्या रात्री कोणाला खेळवायचे, हे विचारायला क्रीडाशिक्षक आमच्याकडे आले, आणि आम्ही दोघांनीही, एकमेकांकडे न पाहता, राखीव गड्यांची नावे सांगितली. दुसऱ्या दिवशी मैदानापलीकडे तिसऱ्याच एका महाविद्यालयाची मुले रेषेजवळ बसलेली होती. सामना संपेपर्यंत आम्ही त्या बाजूला पाहिले नाही.