सी की ई, थ्री की फाइव्ह

लक्झरी सेडानमध्ये कॉम्पॅक्ट आणि मिडसाइझ अशा दोन पायऱ्या आज जगभर धरल्या जातात. त्या घालून दिल्या त्या जर्मन कंपन्यांनी. बीएमडब्ल्यूची फाइव्ह सीरिज १९७२ साली आली आणि तिच्याखालची थ्री सीरिज १९७५ साली. मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० ही लहान सेडान काढली. १९९३ मध्ये तिची जागा सी-क्लासने घेतली आणि वरच्या गाडीला ई-क्लास हे नाव मिळाले. ऑडीच्या ए४ आणि ए६ याच दोन पायऱ्यांवर बसतात. अमेरिकी पर्यावरण खाते गाडीचा वर्ग आतल्या घनफळावरून ठरवते. प्रवाशांची जागा आणि डिकी मिळून १०० ते १०९ घनफूट भरले तर कॉम्पॅक्ट, ११० ते ११९ भरले तर मिडसाइझ. भारतात करासाठी लहान गाडीची मर्यादा चार मीटर असल्याने पावणेपाच मीटरची सी-क्लास येथे कोणालाच लहान वाटत नाही.

या पायऱ्या स्थिर मात्र नाहीत. मर्सिडीजने टेल्कोच्या भागीदारीत १९९५ साली पिंपरीत ई-क्लासची जुळणी सुरू केली. ती गाडी सुमारे ४,७४० मिलिमीटर लांब होती आणि तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,८०० मिलिमीटर होता. चाकणच्या कारखान्यातून सध्या बाहेर पडणारी सी-क्लास ४,७५१ मिलिमीटर लांब असून तिचा व्हीलबेस २,८६५ आहे. तीस वर्षांपूर्वी ज्या आकाराच्या गाडीतून उद्योगपती फिरत, तो आकार आता खालच्या पायरीवर आला आहे. जुन्या ई-क्लासची आठवण मनात ठेवून आजच्या सी-क्लासकडे 'छोटी' म्हणून पाहणे मापाला धरून नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले ते लाँग व्हीलबेसमुळे. मालकाने मागे बसायचे आणि गाडी ड्रायव्हरने चालवायची, ही पद्धत चीनमध्येही रुळलेली. तेथील बाजारासाठी कंपन्यांनी मागच्या दारांची लांबी वाढवलेल्या सेडान बनवल्या. मर्सिडीजने २०१७ मध्ये लांब ई-क्लास भारतात आणली. उजव्या हाताचे स्टीअरिंग असलेली लांब ई-क्लास मिळणारी भारत ही पहिली बाजारपेठ. बीएमडब्ल्यूने जानेवारी २०२१ मध्ये लांब थ्री सीरिज आणली आणि जुलै २०२४ मध्ये लांब फाइव्ह सीरिज. यातली लांब थ्री सीरिज निवडीचे गणित खऱ्या अर्थाने बदलते. तिचा व्हीलबेस २,९६१ मिलिमीटर आहे, तर याआधीच्या पिढीतल्या फाइव्ह सीरिजचा २,९७५ होता. फरक जेमतेम दीड सेंटिमीटरचा. म्हणजे गुडघ्यांपुढची जागा एवढीच अपेक्षा असेल, तर कॉम्पॅक्ट वर्गातच ती भागते आणि वरच्या पायरीचे पैसे मोजायला दुसरे कारण शोधावे लागते.

अशी कारणे आहेत, पण ती शोरूममध्ये पाच मिनिटे बसून कळत नाहीत. पहिले कारण सीटच्या बैठकीचे. लांब केलेल्या कॉम्पॅक्ट गाडीत गुडघ्यांना मोकळीक मिळते, पण सीट मूळ गाडीचीच राहते. उंच माणसाची मांडी अर्धवट अधांतरी राहते आणि दोन तासांनी कंबर बोलू लागते. सध्याच्या लांब ई-क्लासमध्ये मागच्या सीटची पाठ झुकवता येते आणि मांडीखालचा आधार पुढे ओढता येतो. दुसरे कारण रुंदीचे. ई-क्लास सी-क्लासपेक्षा सुमारे सहा सेंटिमीटर रुंद आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण दोन भारदस्त माणसे शेजारी बसली की तो खांद्यांना जाणवतो. तिसरे कारण शांततेचे. जाड काचा, आवाज शोषणारे जास्त अस्तर आणि गाडीचे वजन यांचा एकत्रित परिणाम काँक्रीटच्या रस्त्यावर सर्वांत स्पष्ट दिसतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बहुतांशी काँक्रीटचा आहे, आणि ताशी १२० किलोमीटरच्या वेगाला टायरांची घरघर हाच त्यावरचा मुख्य आवाज असतो. छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरहून दर आठवड्याला मुंबई गाठणाऱ्याला मिडसाइझ गाडीचा खरा उपयोग येथे होतो. अंधेरी ते वांद्रे-कुर्ला संकुल एवढ्यापुरतीच गाडी फिरणार असेल, तर त्यातले फारसे काही हाती लागत नाही.

पाचव्या माणसाची सोय मात्र दोन्ही वर्गांत सारखीच वाईट. या गाड्यांचे इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर असल्याने मधून शाफ्टचा उंचवटा जातो. मधल्या जागेवर बसणाऱ्याचे पाय त्याच्या दोन बाजूंना फाकलेले राहतात. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला या गाड्या पुरतात. आजीलाही बरोबर घ्यायचे असेल तर ई-क्लास घेऊनही सुटका नाही.

गाडी स्वतः चालवणाऱ्याच्या दृष्टीने चित्र नेमके उलटे दिसते. बीएमडब्ल्यूची ३३० आणि ५३० या दोन्ही लांब पेट्रोल गाड्यांत दोन लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन आहे आणि दोघींची ताकद २५८ अश्वशक्ती. मर्सिडीजच्या सी २२०डी आणि ई २२०डी यांची डिझेल इंजिनेही एकाच कुळातली. तेच इंजिन जड गाडी ओढणार म्हटल्यावर घाटात, वळणांवर आणि ओव्हरटेक करताना हलकी गाडी जास्त चपळ वाटणारच. बोरघाटात किंवा कशेडीच्या जुन्या वळणांवर थ्री सीरिज जो आनंद देते, तो पाच मीटरपेक्षा लांब गाडीकडून मागणेच चूक. नाव मोठे म्हणजे इंजिन मोठे, हा समज वरच्या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलांना लागू पडत नाही. मोठे इंजिन हवे असेल तर ई ४५०सारख्या मॉडेलपर्यंत जावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही पिढी आली तेव्हा ई २०० ची एक्स-शोरूम किंमत साडेअठ्ठ्याहत्तर लाख होती, तर ई ४५० ची साडेब्याण्णव.

व्हीलबेस लांबला की गतिरोधकांचा त्रासही वाढतो. चाकांमधले अंतर जितके जास्त, तितका गाडीचा पोटाकडचा भाग उंचवट्यावर टेकण्याचा धोका अधिक. चार माणसे आणि भरलेली डिकी घेऊन गावातल्या मनमानी उंचीच्या गतिरोधकावरून जाताना लांब सेडान तिरकी घालावी लागते. अठरा-एकोणीस इंची चाकांवरचे कमी उंचीचे टायर खड्ड्यात फुटतात, रिमही वाकते, आणि काही मॉडेलांत सुटे चाकच नसते. ही तक्रार दोन्ही वर्गांची आहे. कोकणात वरचेवर जाणाऱ्याने म्हणूनच, आकार कोणताही असो, लहान रिम आणि जाड टायर असलेले मॉडेल मागावे. विक्रेता मोठी चाके दाखवणार, कारण फोटोत तीच शोभतात.

पार्किंगकडे खरेदीदार सर्वांत शेवटी पाहतो. ते आधी पाहायला हवे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत गाडीसाठी अडीच मीटर बाय साडेपाच मीटर जागा धरली आहे आणि काही जागा २.३ बाय ४.५ मीटरच्या ठेवण्याची मुभा आहे. ४,७५१ मिलिमीटरची सी-क्लासही त्या लहान चौकटीबाहेर डोकावते. ५,०९२ मिलिमीटरची ई-क्लास आणि ५,१६५ मिलिमीटरची फाइव्ह सीरिज यांना तर मोठीच जागा लागते, आणि शेजारच्या खांबापायी मागचे लांब दार पूर्ण उघडत नाही. दार उघडत नसेल तर त्यामागच्या जागेला काय अर्थ? यांत्रिक पार्किंग असलेल्या सोसायटीत लांबी आणि वजनाच्या मर्यादा फलकावर लिहिलेल्या असतात. टेप घेऊन आपली जागा मोजणे थोडे गावठी दिसते, पण पंच्याहत्तर लाखांच्या व्यवहारात तेवढे चालावे.

पैशाचा हिशोब एक्स-शोरूम फरकावर थांबत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या सी २०० वर जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्के आणि मोठ्या इंजिनाच्या ई-क्लासवर ४८ टक्के कर होता. त्या दिवसापासून दोन्हींवर सरसकट ४० टक्के लागतो, त्यामुळे कॉम्पॅक्टला मिळणारी ती छोटी सवलत संपली. राज्याचा कर मात्र किमतीच्या टक्केवारीनेच चढतो. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के आणि कंपनीच्या नावावर घेतल्यास २० टक्के. दोन गाड्यांत पंधरा लाखांचा फरक धरला तर पेट्रोल गाडीवर या करापोटीच १ लाख ९५ हजार वाढतात. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर ही वाढ ३ लाखांची. त्यावर विमा आला. असा सतरा लाखांचा जादा बोजा नऊ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या कर्जावर टाकला, तर महिन्याला सुमारे ३५ हजारांचा हप्ता होतो, आणि तो कॉम्पॅक्ट गाडीच्या हप्त्यावर वेगळा.

विम्यासाठीच्या ठरीव कोष्टकात तीन वर्षे पूर्ण झालेल्या गाडीवर ४० टक्के आणि चार पूर्ण झालेलीवर ५० टक्के घसारा धरला जातो. एसयूव्हीच्या लाटेत सेडानला बाजारात मिळणारा भाव अनेकदा त्याहूनही खाली असतो. टक्केवारी दोघींची सारखी राहिली तरी रुपयांतले नुकसान महागड्या गाडीचे जास्त. विकणाऱ्याचे हे दुखणे घेणाऱ्याच्या पथ्यावर पडते, कारण तीन-चार वर्षे वापरलेली ई-क्लास किंवा फाइव्ह सीरिज नव्या कॉम्पॅक्टपेक्षा कमी किमतीत मिळू शकते. ज्याला मागची सीट हवी पण पंच्याहत्तर लाख घालायचे नाहीत, त्याच्यासाठी हाच सर्वांत शहाणा मार्ग. अट एकच. कंपनीच्या प्रमाणित जुन्या गाड्यांच्या योजनेतून आणि वाढीव वॉरंटीसह घ्यावी. सुटे भाग आणि दुरुस्ती मूळ किमतीच्या मानाने आकारली जाते, वापरलेल्या गाडीसाठी मोजलेल्या किमतीच्या मानाने नव्हे.

बोधचिन्हाचा आग्रह नसेल तर तिसरी वाटही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाखांना आलेली टोयोटा कॅम्री हायब्रिड ४,९२० मिलिमीटर लांब आहे. इंधन आणि मागची जागा यांत ती जर्मन कॉम्पॅक्ट गाड्यांना सहज मागे टाकते. चालवण्याच्या मजेत मात्र नाही. याउलट ए-क्लास लिमोझिन किंवा टू सीरिज ग्रान कूपे या पुढच्या चाकांवर जोर असलेल्या गाड्या कॉम्पॅक्टच्याही खालच्या. बोधचिन्ह तेच असले तरी उतरत्या छतामुळे मागे बसणाऱ्याचे डोके टेकते.

चाचणी फेरीला बहुतेक जण पुढच्या सीटवर बसून दोन चौक फिरून येतात. मागे जो नेहमी बसणार आहे त्याला मागेच बसवावे, निदान अर्धा तास, आणि त्यात एक खराब रस्ता व एक महामार्गाचा तुकडा असावा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर पाहाव्यात. ड्रायव्हर ठेवलेला असेल तर त्यालाही बरोबर न्यावे, कारण सोसायटीच्या उतारावर रोज ती गाडी तोच वळवणार असतो.