फोटोतले हे कोण?

सहलीहून घरी परतले की फोटो पाहण्याचा कार्यक्रम ठरलेलाच असतो. पूर्वी अल्बम हातोहात फिरायचा, आता मोबाइल फिरतो. किल्ला, समुद्रकिनारा, घाटातला धबधबा असे सगळे झाल्यावर मध्येच एखादा अनोळखी चेहरा समोर येतो. कणसे भाजणारी आजी, उंटवाला किंवा होडी वल्हवणारा मुलगा. "हे कोण?" असे कुणी विचारले की उत्तर मिळते, "कोण जाणे! छान वाटले म्हणून काढला."

जगभर गाजलेल्या छायाचित्रांची गोष्टही अनेकदा याहून वेगळी नसते. अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी १९८३ साली मॉन्सूनवर काम करण्यासाठी भारतात फिरत होते. राजस्थानात जैसलमेरकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांची टॅक्सी धुळीच्या वादळात सापडली. रस्त्याच्या कामावरच्या बायका वाऱ्यापासून बचाव करण्यासाठी एकमेकींना बिलगून गोल करून उभ्या राहिल्या. अशा वेळी कुणीही गाडीच्या काचा लावून बसेल. मॅक्करी मात्र कॅमेरा घेऊन खाली उतरले. धुळीत हरवलेला तो लाल ओढण्यांचा घोळका आज जगभर ओळखला जातो. त्या बायका कोण, कुठल्या गावच्या, हे मात्र चित्र पाहून कुणालाच कळत नाही.

त्याच वर्षी गुजरातेत पोरबंदरला पूर आला होता. गळ्यापर्यंत चढलेल्या पाण्यातून एक वयस्क शिंपी खांद्यावर शिलाई मशीन घेऊन चालला होता आणि तशातही त्याच्या चेहऱ्यावर हसू होते. डिसेंबर १९८४ मध्ये हे चित्र 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. मशीन बनवणाऱ्या कंपनीने ते पाहिले आणि त्या शिंप्याला नवे मशीन दिले. पोट ज्याच्यावर चालते, ती वस्तूच त्याला परत मिळाली. एका फोटोने याहून मोठे काय करावे?

पण प्रत्येक चेहऱ्याच्या नशिबी असे मशीन नसते. १९८४ मध्येच पाकिस्तानात पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत, तंबूतल्या शाळेत, मॅक्करींना हिरव्या डोळ्यांची एक अफगाण मुलगी दिसली. ती बुजेल म्हणून त्यांनी आधी तिच्या मैत्रिणींचे फोटो काढले, मग तिचा. तिचा फोटो त्यापूर्वी कुणीच काढलेला नव्हता. जून १९८५ च्या मुखपृष्ठावरून ते डोळे जगभर पोचले. फक्त तिचे नाव लिहून घ्यायचे राहून गेले होते.

ते नाव कळायला २००२ साल उजाडले. शोध घेणाऱ्यांनी डोळ्यांतल्या बुबुळांची तपासणी करून खात्री केली. ती होती शरबत गुला. एव्हाना ती मुलाबाळांची आई झाली होती. जगाने पाहिलेला स्वतःचा फोटो तिने तोवर पाहिलाही नव्हता! पुढे २०१६ मध्ये बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून तिला पाकिस्तानात अटक झाली आणि तिची अफगाणिस्तानात रवानगी करण्यात आली. २०२१ मध्ये अखेर इटलीने तिला आश्रय दिला. या फोटोने आपल्याला लाभापेक्षा त्रासच अधिक दिला, असे तिने एका मुलाखतीत बोलून दाखवले होते.

चांगल्या फोटोसाठी थांबावे लागते, वादळात उतरावे लागते, हे खरेच. पण बटण दाबले म्हणजे काम संपले, असे नाही. समोरचा माणूस त्यानंतरही आपले आयुष्य जगतच असतो.

पुढच्या सहलीत असा एखादा चेहरा आवडला, तर आधी हसून "काढू का?" असे विचारावे. लहान मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांना विचारावे. कुणी नको म्हटले, तर कॅमेरा खाली घ्यावा. काढलेला फोटो त्याला दाखवावा, जमल्यास एक प्रत पाठवावी. आणि निघण्यापूर्वी नाव विचारायला विसरू नये.

मग घरी कुणी "हे कोण?" असे विचारलेच, तर उत्तर तयार असेल.