कोठडींतून सुटल्यानंतरचे मृत्यु

पोलिसांच्या कोठडींत एखादा इसम मेला म्हणजे कायदा जागा होतो. न्यायखात्याच्या मॅजिस्ट्रेटनेंच चौकशी केली पाहिजे, असा दंडक २००५ च्या दुरुस्तीनें घातला व १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेच्या १९६ व्या कलमांतहि तो कायम आहे. पण तोच इसम जामिनावर सुटून घरीं आला आणि चौथ्या दिवशीं अंथरुणांत मेला तर? कलमाचे शब्द 'कोठडींत असतांना' असे आहेत. आणि हा तर घरीं मेला!

वैद्यकशास्त्राचा कोठडीच्या कुलुपाशीं कांहीं करार झालेला नाहीं. मांड्यापोटऱ्यांवर लाठ्यांचा जबर मारा झाला म्हणजे स्नायु आंतून ठेचले जातात. त्यांतील द्रव्य रक्तांत उतरून मूत्रपिंडास बाधतें, लघवी काळसर होते, मग बंद पडूं लागते, आणि एकहि हाड मोडलेलें नसतांना मनुष्य कांहीं दिवसांनीं दगावूं शकतो. डोक्याच्या मारानें होणारा रक्तस्राव तर, विशेषतः वृद्धांत, कित्येक आठवडे मुंगीच्या पावलानें चालतो. रोजच्या मद्यप्याची दारू एकाएकीं तुटली कीं दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं भ्रम व आंचके सुरू होतात. अब्रू गेली म्हणून गळफास घेणारे निराळेच. दाखल्यावर डॉक्टर 'मूत्रपिंड निकामी' इतकेंच लिहितो. तें खोटें नसतें, अपुरें असतें.

सुटल्यावर मेलेला प्रत्येक इसम पोलिसांनींच मारला, असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळजण क्षय, व्यसन व दारिद्र्य बरोबर घेऊनच कोठडींत जातात. म्हणूनच मोजदाद हवी. निर्दोष अंमलदारासहि तीच तारील. इंग्लंड व वेल्समध्यें सुटकेनंतर दोन दिवसांच्या आंत झालेल्या संशयित आत्महत्यांचा आंकडा दरसाल छापला जातो. आमच्याकडे डी. के. बसु खटल्याच्या १९९६ च्या निकालानें अटकेंत दर ४८ तासांनीं वैद्यकीय तपासणी ठरविली. सुटकेच्या वेळींहि ती व्हावी, आणि पुढील तीस दिवसांत मृत्यु आल्यास मॅजिस्ट्रेटनें चौकशी करावी, अशी आमची मागणी आहे.

आमच्या पेठांतील व्यापाऱ्यांस हा प्रश्न परका वाटेल. पण गल्ल्यांतील चोरीच्या संशयावरून गड्यास चौकीवर धाडणारे पुष्कळदां तेच असतात! गडी परत आला म्हणजे हिशेबाआधीं त्यास डॉक्टरकडे न्यावें, आणि अटकेच्या वेळच्या तपासणीची नक्कल, जिच्यावर त्याचा कायदेशीर हक्क आहे, ती त्याच्या हातांत पडली कीं नाहीं हें विचारावें.