स्टिरिओ साधाच बरा?

सुरतच्या आमच्या फ्लॅटमधला स्टिरिओ साधाच. तबला घुमतो, शब्द पुसट होतात आणि मन महागड्या सेटकडे धावतं. पण बराचसा दोष खोलीचा! गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंतींवरून आवाज उलटतो. जाड पडदे लावा, सतरंजी अंथरा, स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढा; फरक लगेच कळतो.

तेवढ्याच पैशांत हेडफोन याहून सरस वाजतो, पण तो एकट्याचा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं ‘गीतरामायण’ घरोघरी रेडिओभोवती जमून ऐकलं गेलं, तेही मोनोत. सत्तरीतल्या बाबांना बारीक सूर आता तसेही कमी ऐकू येतात; त्यांना शेजारी ऐकणारं कुणीतरी हवं असतं. म्हणून कुरकुर चालू, पण स्टिरिओही चालू. तुमच्या घरी गाणी एकत्र ऐकता ना?