काटा नव्वदवर

टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये बाबांची अँबॅसिडर गेली सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मार्क फोर, १९८४ सालची, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. बाबा गेल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. या वर्षी आई म्हणाली, "चतुर्थीला सावंतवाडीला जायचं तर त्याच गाडीतून." आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि सहसा काही मागत नाही. म्हणून इंजिन खाली उतरवलं.

अशा कामाला बेळगावात फार शोधाशोध करावी लागत नाही. उद्यमबागेत क्रँक ग्राइंड करून आणला, वीस थाऊ अंडरसाइज. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण दोन-तीन थाऊ असते.) पिस्टन, रिंगा, बेअरिंग, ऑइल पंप सगळं नवं. जुनी बेअरिंग काढली तेव्हा वरचा थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. ती हातात घेऊन मिस्त्री म्हणाले, "असल्या बेअरिंगवर तुमचे वडील पन्नास पौंड प्रेशर सांगायचे? नवल हाय."

बाबांनी डॅशबोर्डखाली एक ऑइल प्रेशरचा काटा बसवून घेतला होता. शेवटपर्यंत हायवेला तो पन्नासच्या खाली आला नाही, हे मी किती जणांना ऐकवलं असेल याला गणती नाही. गाडी कशी सांभाळावी हे बाबांकडून शिकावं, असं शेपूट त्याला मी दरवेळी जोडायचो. त्यामुळे मिस्त्रींचं बोलणं मी कौतुक म्हणूनच ऐकलं.

इंजिन चालू करायच्या आधी मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढून नुसता स्टार्टर फिरवला. काटा हलला, म्हणजे तेल चढलं, मग प्लग लावले. पहिल्याच प्रयत्नात गाडी सुरू झाली आणि काटा सरळ नव्वदवर गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला: "बघा, चाळीस वर्षांची गाडी, नव्वद पौंड प्रेशर!"

पुतणी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा तेवढा एकटीचा अंगठा आला नाही, फोन आला. "काका, जास्त प्रेशर म्हणजे चांगलंच असं कोण म्हणालं?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं होतं. फिल्टरच्या भांड्याची नवी कोरी रबरी रिंग एका बाजूने बाहेर आली होती. पुतणीला घेऊन गॅरेजवर गेलो.

पुढचा तासभर मिस्त्रींनी जे समजावलं, ते वीस वर्षं गाडी चालवून मला ठाऊक नव्हतं. ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही. तो दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो, एवढंच. त्या तेलाला वाट अरुंद मिळाली की प्रेशर येतं. बागेतला पाण्याचा पाइप घ्या आणि तोंडाशी बोट दाबा. पाइप फुगतो, प्रेशर वाढतं, पण बादली भरायला उशीर लागतो. म्हणून काटा वर असला तरी तेल भरपूर पोचतंय असं नाही. कधी कधी उलटंच असतं. साफसफाईत राहिलेला कचरा किंवा चुकीच्या जागी बसलेलं बेअरिंग एखादं भोक बंद करतं. तेल पुढे जात नाही, आणि काटा मात्र ऐटीत उभा.

नव्या इंजिनात वाट अरुंद असतेच. दोन इंच जाडीच्या क्रँकला बेअरिंगमध्ये दोन थाऊच्या आसपास फट असते. इथे पुतणीने भर घातली. फट दुप्पट झाली तर तेल दुप्पट नाही, आठपट निसटतं, कारण हिशोब घनाचा आहे. जुन्या इंजिनाचा काटा गरम झाल्यावर का झोपतो आणि नव्याचा का ताठ राहतो, ते त्यात आलं. शिवाय तेल थंड असलं की काकवीसारखं जाड. थंड इंजिनावर काटा चढला तर त्यावरून काहीच ठरवायचं नाही. तेल चांगलं तापू द्यायचं, मग बघायचं. या इंजिनाला गरम असताना, रस्त्यावर पन्नासच्या आसपास आणि आयडलिंगला पंधरा-वीस पुरे.

आमचं तापूनही नव्वदच होतं.

मिस्त्रींनी आधी काट्यावर संशय घेतला. आपला गेज लावून पाहिला. तोही नव्वद. मग वरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं. रॉकरवर तेल छान पाझरत होतं, तेव्हा वरची वाट मोकळी. तेल नेहमीचंच, २०डब्ल्यू५०. मग राहिला रिलीफ व्हॉल्व्ह.

घरात कुकर आहे ना, त्याच्या शिट्टीचं वजन आठवा. आतली वाफ ठरावीक जोराची झाली की वजन उचललं जातं आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. रिलीफ व्हॉल्व्ह तेच काम करतो, फक्त वजनाऐवजी स्प्रिंग असते. प्रेशर स्प्रिंगच्या जोरावर गेलं की व्हॉल्व्ह मागे सरकतो आणि जास्तीचं तेल परत खाली चेंबरमध्ये पडतं. तो उघडलाच नाही किंवा फार उशिरा उघडला, तर फिल्टरची रिंग, पंप फिरवणारा गिअर, जो कच्चा असेल तो मार खातो.

ब्लॉकच्या मागच्या अंगाला, घुमटीसारख्या नटाखाली हा व्हॉल्व्ह असतो. मिस्त्रींनी नट सोडला. स्प्रिंग बाहेर आली, आणि तिच्यामागून दोन वायसर हातावर पडले. जाड, काळपट, एकमेकांना चिकटलेले.

मिस्त्री थोडा वेळ गप्प. मग पोऱ्याकडे बघितलं. "जसं निघालं तसं बसवलं न्हवं?" पोऱ्याने मान हलवली. स्प्रिंग नवी टाकली होती, वायसर जुनेच परत घातले होते. मिस्त्री म्हणाले, "चूक माझी, मी बगाय पायजे होतं. खरं हे वायसर कंपनीचे न्हवंत. कुणीतरी मुद्दाम घातल्यात."

जुनी स्प्रिंग दमली आणि बेअरिंगही ढिली झाली की असा टेकू देतात म्हणे. स्प्रिंग जास्त दाबली जाते, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, हायवेला काटा वर राहतो. आयडलिंगला त्याचा उपयोग शून्य, कारण तेव्हा व्हॉल्व्ह तसाही बंदच असतो. बाबा गाडी सिग्नलला उभी असताना काट्याकडे कधी बोट का दाखवायचे नाहीत, ते मला गॅरेजात उभ्या उभ्या कळलं.

वायसर खिशात घालून घरी आलो. आईसमोर टेबलावर ठेवले. तिला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, पण गाडीचं इंजिन पूर्वी कधी काढायला झालं होतं का, असं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, "तुझं कॉलेज सुरू झालं त्या साली. मिस्त्री घरी येऊन सांगून गेला होता, पूर्ण काम करावं लागेल. हे म्हणाले, यंदा नको, यंदा फी आहे. काहीतरी तात्पुरतं कर." थोडं थांबून म्हणाली, "मग ते तात्पुरतं तसंच राहिलं."

मी ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकायला निघालो होतो. पुतणी म्हणाली, "राहू दे काका, खाली लिहा फक्त." मग लिहिलं, नव्वद चूक होतं म्हणून. वायसरांचं काही लिहिलं नाही. ते आज इथे लिहितोय.

वायसर काढून, नवी रिंग घालून गाडी परत चालवली. थंड असताना साठच्या वर, गरम झाल्यावर पन्नास. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल बदललं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आईला पुढच्या सीटवर बसवून निघालो, पुतणी मागे. आंबोलीला चहासाठी थांबलो तेव्हा इंजिन चांगलंच तापलं होतं आणि आयडलिंगला काटा अठरावर होता. आधी माझ्या पोटात गोळा आला असता. पुतणीने फोटो काढून मिस्त्रींना पाठवला. चहा संपायच्या आत उत्तर आलं: "बरोबर हाय. घाटात सावकाश जावा."