ध्रुवप्रदेशाची वाट : मोहीम की मौज ?

एके काळी ध्रुवप्रदेशास निघणारा मनुष्य आप्तांचा निरोप घेताना तो अखेरचाही ठरू शकेल, हे मनात धरूनच निघे. १४ डिसेंबर १९११ रोजी रोआल्ड आमुन्सेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला. त्याच्यामागून सुमारे पाच आठवड्यांनी तेथे गेलेले कॅप्टन स्कॉट व त्यांचे चार सहकारी परतीच्या वाटेवर प्राणास मुकले. आज त्याच खंडाच्या किनाऱ्यापर्यंत उबदार खोली, सुग्रास भोजन आणि तज्ज्ञांची व्याख्याने यांसह तिकीट काढून जाता येते. जहाजकंपन्या अशा सहलीस ‘मोहीम’ म्हणतात. हा शब्द तिला कितपत शोभतो, आणि तेथे जाणाऱ्याच्या शिरावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी करावा, असे मला वाटते.

ही वाट सुलभ केली ती हिमभंजक नौकेने. ती बर्फ करवतीसारखे कापीत जात असेल अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु तिची रीत निराळी आहे. तिचा पुढचा भाग चमच्यासारखा उतरता व गोलसर असतो. मागच्या यंत्रांच्या रेट्याने ती बर्फाच्या थरावर चढते आणि स्वतःच्या भाराने तो थर खाली दाबून मोडते. पोलादाचे कवच जाड, आणि बाजूच्या टाक्यांतील पाणी इकडून तिकडे खेळवून नौका डोलवण्याची सोयही काही नौकांत असते, म्हणजे ती बर्फात चिकटून बसत नाही. मात्र ज्या गोल बुडामुळे बर्फात बळ येते, त्याच बुडामुळे मोकळ्या समुद्रात ती फार हेलकावते.

सोव्हिएत रशियाची अणुशक्तीवर चालणारी ‘आर्क्टिका’ ही नौका १७ ऑगस्ट १९७७ रोजी उत्तर ध्रुवावर पोहोचली. पाण्याच्या पृष्ठभागावरून तेथे गेलेले ते पहिले जहाज. पुढे तिच्याच जातीच्या नौकांतून हौशी प्रवासीही ध्रुवावर जाऊन आले. फिनलंडमध्ये बांधलेल्या ‘कापितान ख्लेब्निकोव्ह’ या नौकेने १९९६-९७ साली प्रवाशांसह अंटार्क्टिका खंडाला प्रदक्षिणा घातली. त्याच नौकेने वेडेल समुद्रातील स्नो हिल बेटाजवळच्या सम्राट पेंग्विनांच्या वसाहतीपर्यंत प्रवाशांना नेले आणि शेवटचे अंतर हेलिकॉप्टरने पार करविले. हे पक्षी ऐन हिवाळ्यात समुद्रावर गोठलेल्या बर्फावरच अंडी उबवतात. जहाजाला जो अडथळा, तोच त्यांच्या पिलांचा पाळणा होय, हे प्रवाशाने क्षणभरही विसरू नये.

या प्रवासाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नाही. लार्स-एरिक लिंडब्लाड याने १९६६ साली प्रवाशांना अंटार्क्टिकास नेले. जे मनुष्य डोळ्यांनी पाहतो त्याचे तो रक्षण करतो, अशी त्याची श्रद्धा होती. हिमनगाची निळाई आणि तेथील अथांग शांतता अनुभवून आलेला मनुष्य त्या प्रदेशाचा कैवारी होईल, हे अशक्य नाही. शिवाय जेथे शास्त्रज्ञ जातात तेथे इतरांनी जाऊच नये म्हणणे म्हणजे ज्ञानाची मिरासदारी मानणे होय, असेही कोणी म्हणेल. हे सारे मान्य करूनही माझे मत असे आहे की, तेथे किती जणांनी आणि कोणत्या नियमाने जावे हे ठरविण्याचे काम तिकीट विकणाऱ्यावर व घेणाऱ्यावर सोपवून चालणार नाही. त्याची कारणे दोन.

पहिले कारण असे की, तेथे एकाच्या संकटाचा भार दुसऱ्यावर पडतो. डिसेंबर १९१३ नव्हे, तर अगदी अलीकडे, डिसेंबर २०१३ मध्ये, ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे जहाज पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकले. त्यावर शास्त्रज्ञ, पत्रकार व पैसे भरून आलेले प्रवासी मिळून ५२ जण होते, खलाशी निराळे. चीनची ‘श्वे लुंग’ ही हिमभंजक नौका मदतीस धावली, तर तीही बर्फात रुतली. अखेर २ जानेवारी २०१४ रोजी चिनी हेलिकॉप्टरने ५२ जणांना ऑस्ट्रेलियाच्या ‘ऑरोरा ऑस्ट्रॅलिस’ नौकेजवळ पोहोचविले. ती नौका केसी संशोधन केंद्रास सामान पुरवीत होती. ते काम टाकून तिला यावे लागले. ज्या केंद्राची रसद खोळंबली, त्यातील माणसांनी कोणाचे काय केले होते ? तत्पूर्वी, नोव्हेंबर २००७ मध्ये, खुद्द लिंडब्लाडसाठी १९६९ साली बांधलेले ‘एक्स्प्लोरर’ जहाज साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाने भोक पडून बुडाले. त्यावरील सर्व १५४ माणसे वाचली, कारण दुसरे प्रवासी जहाज वेळेवर येऊन पोहोचले. जहाज मात्र इंधनासह समुद्राच्या तळाशी गेले.

दुसरे कारण संख्येचे. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत एका मोसमात सहा-सात हजार प्रवासी अंटार्क्टिकाकडे जात. २०२३-२४ च्या मोसमात ही संख्या एक लाखाच्या वर गेली. जहाजाच्या धुरातील काजळी पांढऱ्या हिमावर बसली की ते सूर्याची उष्णता अधिक शोषते आणि लवकर वितळते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, २०१६ ते २०२० या काळातील दर प्रवाशामागे सुमारे ८३ टन हिम लवकर वितळण्यास हातभार लागला. जो पाहावयास जातो त्याच्याच पाहण्याने पाहावयाची वस्तू क्षीण व्हावी, याहून मोठा विरोधाभास कोणता ?

नियम मुळीच नाहीत असे नव्हे. १९५९ साली बारा राष्ट्रांनी वॉशिंग्टन येथे केलेल्या करारान्वये अंटार्क्टिका शांततेसाठी व विज्ञानासाठी राखून ठेवण्यात आले. १९९१ च्या माद्रिद मसुद्याने खनिजांच्या उत्खननास तेथे बंदी केली. त्याच वर्षी प्रवासी कंपन्यांनीही आपला संघ स्थापून नियम घालून घेतले : एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी किनाऱ्यावर नसावेत, पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाने कोणासही उतरवू नये, पेंग्विनांपासून पाच मीटर दूर राहावे, जोडे धुऊनच पाऊल टाकावे. हे नियम स्तुत्य आहेत. परंतु दर वर्षी एकूण किती जणांनी यावे, याला सर्वांवर बंधनकारक अशी मर्यादा नाही. दुकानदाराने स्वतःपुरती शिस्त पाळणे वेगळे आणि बाजाराला कायदा असणे वेगळे. २०२४ च्या मे महिन्यात कोची येथे भरलेल्या करार-राष्ट्रांच्या बैठकीत पर्यटनाच्या नियमनाची चर्चा झाली, ही आशेची गोष्ट होय. त्या चर्चेतून संख्येची मर्यादा निघावी, आणि जहाज पाठविणाऱ्याने सुटकेच्या खर्चाची हमी आधी द्यावी, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

या दूरच्या प्रश्नाशी आपला गोमंतकीयांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो अभिमानाचा आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाच्या भूमीवर उतरली. जहाज परक्याचे, नॉर्वेकडून भाड्याने घेतलेले होते. पण काम आपले होते. दोन वर्षांनी, तिसऱ्या मोहिमेत, नागपुरात जन्मलेल्या आणि दोनापावल येथील समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या डॉ. अदिती पंत तेथे गेल्या, त्यांच्यासमवेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. त्या खंडावर पाऊल ठेवणाऱ्या त्या दोघी पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. आज वास्को येथील सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र उभे आहे आणि ‘मैत्री’ व ‘भारती’ या केंद्रांची व्यवस्था तेथून पाहिली जाते.

विद्यार्थिमित्रहो, मोहीम या शब्दाचा अर्थ या उदाहरणांतून शिकावा. जेथे जावयाचे तेथे करावयाचे काम आधी ठरलेले असते, त्यासाठी वर्षानुवर्षे अभ्यास झालेला असतो, आणि परत येताना सर्वांच्या उपयोगाचे काही आणावे लागते, ती मोहीम. ज्याच्यापाशी केवळ तिकीट आहे त्याने आपणास पाहुणा म्हणवावे आणि पाहुण्याप्रमाणे वागावे : बोलावल्याखेरीज जाऊ नये, थोडे राहावे, घरातील वस्तूस हात लावू नये. तुमच्यापैकी एखाद्याला वा एखादीला तो शुभ्र प्रदेश पाहण्याची तळमळ लागली, तर मला आनंदच होईल. त्यासाठी भूगोल, पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र यांची पुस्तके आजच उघडा. त्या वाटेने गेलेल्यास तिकिटाची गरज पडत नाही. त्याला तेथे कामासाठी बोलावले जाते.